उघड्या डोक्याची कवायत

॥ श्री ॥

मुक्काम दिंद्रुड, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८४८ (सरकारी हिशेबाने माहे बहमन, सन १३३६ फसली, दोन्ही लिहिलेले बरे).

तीर्थस्वरूप मामा सुंदरराव यांच्या पायांवर भाचा उत्तरेश्वर याचे डोके. (डोके सध्या उघडे आहे. त्याचे कारण पुढे लिहिले आहे.)

इकडील सर्व मंडळी जिवंत आहेत. पत्राच्या आरंभी असे लिहिण्याची रीत नाही, तेथे क्षेम लिहावे लागते, हे मला ठाऊक आहे. परंतु मागच्या आठवड्यात जे झाले त्यानंतर नुसत्या क्षेमावर आपला विश्वास बसणार नाही, म्हणून एकेकाचे लिहितो. आबा जिवंत आहेत व हरभऱ्याच्या रानात गेले आहेत. आई जिवंत आहे व हे लिहिताना माझ्यासमोर चुलीपाशी बसली आहे. भिवराबाई आत्या जिवंत आहे (तिचा आवाज कदाचित तिकडे आपल्या उमापुरापर्यंत येत असेल). मीही आहे, छातीवर हात ठेवून आताच खात्री करून घेतली. तिकडे आपली प्रकृती, मामींचा घसा आणि बैलांचे खूर कसे आहेत ते कळवावे. मामींच्या घशाची चौकशी आईने मुद्दाम करायला सांगितली आहे, कारण वेशीपासून आमच्या दारापर्यंत त्या ज्या आवाजाने रडत आल्या तसे रडणे या गावाने ऐकले नव्हते. आई म्हणते, मी खरोखर गेले तर वहिनीने एवढेच रडावे, याहून जास्त तिला झेपायचे नाही.

हे पत्र केवळ माफीसाठी लिहीत आहे. काही मागण्यासाठी नाही. आपण आमच्या दारातून पाण्याचा घोटही न घेता परत गेलात, आणि जाताना म्हणालात, "बाप जिता असताना ज्यानं डोकं उघडं केलं, त्याचं तोंड मला दावू नका." ते आत्याने मला चारचौघांत, हुबेहूब आपला आवाज काढून, करून दाखवले. म्हणून तोंड न दाखवता पत्र पाठवीत आहे. झाले कसे ते एकदा सगळे वाचावे आणि मग काय ते ठरवावे.

दोन वर्षे मी नांगर धरला होता आणि शाळा सुटली होती. तेव्हा आपणच आबांना समजावून मला बीडच्या मोठ्या शाळेत परत घातलेत, हे मी विसरलेलो नाही. वर्गात मीच सगळ्यांत थोराड. यंदा हैदराबादेहून करामत साहेब नावाचे मास्तर आमच्या शाळेत बदलून आले. ते कवायत शिकवतात आणि सेहतचा तास घेतात. सेहत म्हणजे तब्येत, आणि तब्येत ही शिकायची गोष्ट आहे हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हते. आमच्याकडे ती असते किंवा नसते. साहेब अंगाने काडीसारखे आहेत, पण "होशियार!" म्हणून ओरडले की भिंतीपलीकडच्या रस्त्यावरचा टांग्याचा घोडाही जागच्या जागी थांबतो. (हे ऐकीव नव्हे. एक टांगेवाला त्यावरून भांडायला आला होता, आणि साहेबांनी त्यालाच ताठ उभे राहायला शिकवून परत पाठवले.)

मामा, नकाशा म्हणजे निजामसरकारच्या मुलखाचा, असेच मला आजवर वाटत होते. करामत साहेबांनी लिंबाच्या झाडाला माणसाचा नकाशा टांगला. त्यात तांबड्या नद्या आहेत, निळ्या नद्या आहेत, आणि त्यांना इतके ओढे मिळतात की आपली सिंदफणा त्यापुढे पाट वाटावी. हे सगळे माझ्यात आहे, आणि मी ते घेऊन माजलगावच्या बाजारात हिंडलो, विहिरीत उड्या मारल्या, झाडावरून पडलो, आणि कुणी मला सांगितले नाही की जपून! पोटात आतडे गुंडाळून ठेवलेले असते. ते उलगडले तर खाटेवरून अंगणाच्या टोकापर्यंत जाईल, असे साहेब म्हणाले. म्हणजे मजूर असो की देशमुख, प्रत्येक माणूस पोटात एक पागोटे बांधून हिंडतो, आणि ते कुणी बांधून दिले हे त्याला माहीत नसते. बांधणाऱ्याची करामत अशी की पालथे पडा, कोलांटी घ्या, ते सुटत नाही. आणि काळीज तर मुठीएवढे. ते आपण झोपलो तरी चालते. हे कळल्यापासून मला झोप लागेना. इतकी वर्षे ते माझ्या लक्षाशिवाय मुकाट्याने चालले होते. आता माझे लक्ष गेले, तेव्हा ते संकोचून थांबले तर काय करावे, ही मोठी काळजी मला लागली. साहेबांना विचारले तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बेटा, वो तेरे भरोसे नहीं चलता." त्यानंतर झोप लागली.

पोटातले पागोटे सुटत नाही, पण डोक्यावरचे सुटते, आणि येथूनच सगळे सुरू झाले. पहिल्या कवायतीला साहेबांनी आम्हांला कमरेत वाकून पायाचे अंगठे धरायला सांगितले. आम्ही वाकलो. रांगेतली सगळी पागोटी, रुमाल आणि फेटे एकदम खाली आले आणि वाऱ्याने उलगडत एकमेकांत शिरले. उचलायला गेलो तर एकाचे टोक धरून दुसऱ्याचे निघू लागले. राधाकिशन नावाच्या आमच्या वर्गातल्या शेटजींच्या मुलाचे लाल पागोटे कुणाच्या तरी पायाखाली आले, आणि तो तिथेच बसून रडू लागला. दुसऱ्याचे पागोटे आपल्या डोक्यावर चढले तर घरी काय सांगावे, या भीतीने आम्ही सगळेच त्या गुंत्याभोवती बसून राहिलो. त्या दिवशी कवायत झाली नाही, फक्त वाटणी झाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा हुकूम निघाला की यापुढे कवायत उघड्या डोक्याने. मामा, मी आपल्याला शपथेवर सांगतो, एकाही मुलाने डोक्याला हात लावला नाही. घरात कुणी गेल्याशिवाय बाहेर डोके उघडे करू नये, हे आईच्या दुधाबरोबर आलेले आहे. साहेबांनी आमच्याकडे पाहिले. त्यांच्याकडेही वडीलधाऱ्यांपुढे उघड्या डोक्याने जाणे मोठी बेअदबी समजतात. त्यांनी एकदा हेडमास्तरांच्या खिडकीकडे पाहिले, मग म्हणाले, "पहले मैं," आणि आपली तांबडी रुमी टोपी काढून खाली वाळूत ठेवली. डोक्यावर केस फार थोडे होते. ऊन त्यावर पडले. इतक्या मोठ्या माणसाचे उघडे डोके मी प्रथमच पाहत होतो. त्यानंतर पागोटे डोक्यावर ठेवणेच मला बेअदबी वाटू लागली. रांगेत पहिले पागोटे मी काढले. (ही गोष्ट आबांना अजून सांगितलेली नाही. सगळ्यांच्या मागून काढले असे सांगितले आहे.)

डोकी उघडी झाली तशा उवा दिसल्या. सेहतच्या तासाला उवांचे प्रकरण आदल्याच दिवशी झालेले, तेव्हा साहेबांनी लगेच न्हावी बोलावला. शाळेच्या मैदानात खोल्यांचे पाये खणत आहेत म्हणून कवायत शाळेमागेच बिंदुसरा नदीच्या काठी, वाळूत चालते. न्हाव्याला तिथेच आणले. आता तो न्हावी बिचारा म्हातारा. नदीकाठी खाली माना घालून ओळीने बसलेली माणसे त्याने जन्मभर एकाच कारणाने पाहिलेली. त्याने डोके केले आणि हात थांबण्याच्या आत माझी मिशीही उतरवली. मी ओरडलो तेव्हा वस्तरा पुसत म्हणाला, "आता लेकरा, कुणी गेलं न्हाई ह्ये आधी सांगायचं असतंय." मिशी यायला मला दीड वर्ष लागले होते. असो.

आता बंकटकाकांचे. आपले शेजारी म्हणून नव्हे, पण त्यांच्यावर रागावू नये असे मला मनापासून वाटते. ते मिरच्या घेऊन बीडच्या बाजारी आले होते आणि बैलांना पाणी पाजायला नदीवर उतरले. त्यांनी पाहिले काय? भाचा नदीकाठी उभा. डोके गुळगुळीत, मिशी नाही, पागोटे नाही. तोंड दक्षिणेकडे (उत्तरेच्या वाऱ्याने वाळू डोळ्यांत जाऊ नये म्हणून साहेब आम्हांला दक्षिणेकडे तोंड करून उभे करतात). दोन्ही हातांची ओंजळ वर नेऊन सावकाश खाली सोडतो आहे (ही फुफ्फुसाची कवायत आहे). मामा, मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच समजलो असतो. ते जवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "कवा झालं रे लेकरा?"

त्याच क्षणी साहेबांनी "होशियार" दिले होते. होशियारमध्ये विंचू पायावर चढला तरी हलायचे नाही, पापणीही नाही, बोलणे तर दूरच. मी समोर पाहत उभा राहिलो. काका म्हणाले, "आजारी व्हते का रं?" मी समोर पाहत उभा. एक माशी माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात बसली आणि डोळ्याला पाणी आले. काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रड, रड. मोकळा हो. कोन गेलं ते मी इचारत न्हाई, सोयऱ्याला समजतंय." असे म्हणून त्यांनी स्वतःचे डोळे पुसले, आणि मिरच्या निम्म्या भावात कुणाच्या तरी गळ्यात मारून बैल उमापूरच्या वाटेला लावले. आरामचा हुकूम झाल्यावर मी बाजारभर धावलो. गाडी गेली होती.

पुढचे आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. परंतु ते मला आत्याने सांगितले आहे, आणि आत्या सांगताना भर घालते, म्हणून येथे लिहितो, जेथे चुकले असेल तेथे दुरुस्त करावे. काकांनी येऊन सांगितले की उत्तरेश्वराने क्षौर केले आहे. आपण ओळखलेत की आबा गेले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून मामींनी भाकरी भाजून पाटीभर घेतल्या आणि रातोरात गाडी जुंपली. दिंद्रुडच्या वेशीत शिरताच मामींनी गळा काढला. आबा तेव्हा दारात बसून दोर वळत होते. त्यांनी पाहिले, सोयरे रडत येत आहेत, मेहुण्याने पागोटे काढून काखेत धरले आहे. त्यांनी ओळखले की उमापुरात कुणीतरी गेले. माणूस रडत दारात आल्यावर कोण गेले म्हणून विचारणे बरे दिसत नाही. आबांनी आपलेही पागोटे काढले, धोतराचा सोगा डोळ्यांना लावला आणि आपल्या गळ्यात पडले. आपणही खाली घातलेली मान वर न करता, डोळे मिटून त्यांना मिठी मारलीत. आपण म्हणालात, "लई वाईट झालं." आबा म्हणाले, "लई वाईट झालं." असे बराच वेळ चालले. आई बाहेर आली, तिने मामींना पाहून रडायला सुरुवात केली. शेजारच्या बाया जमल्या व त्याही रडू लागल्या. शेवटी आत्या पुढे झाली आणि म्हणाली, "आरं, कोन मेलंय ते तरी सांगा की, म्हंजी तसं रडता यील!"

मग आपण डोळे उघडलेत आणि आबांना पाहिलेत.

आत्या म्हणते की आपण एकदम मागे सरकलात. हे खरे असल्यास त्याचा दोष मी माझ्याकडे घेतो. बंकटकाकांचे सांगणे निघाले तेव्हा आपला सगळा राग माझ्यावर आला, तोही योग्यच. भाकरी मात्र वाया गेल्या नाहीत. आपण निघून गेल्यावर आळीतल्या सगळ्यांनी खाल्ल्या.

दुसऱ्याच दिवशी आबा काठी घेऊन बीडला आले. मी त्यांना लांबून वाळूत येताना पाहिले आणि माझ्या मुठीएवढ्या वस्तूने असा वेग घेतला की मला वाटले ही बाहेर येते. तेव्हा सेहतचा तास चालू होता. साहेबांजवळ बांबूची एक पोकळ नळी आहे. तिचे एक टोक छातीला आणि एक कानाला लावले की काळीज ऐकू येते. ऐकवण्यासाठी उभा केलेला मुलगा मीच होतो, सदरा काढून. आबा जवळ आले. काठी वर गेली. साहेब मध्ये आले नाहीत. त्यांनी फक्त नळी पुढे केली आणि अदबीने म्हणाले, "आओ पटेल साब. पहले सुनो, बाद में मारो."

काठी एका हातात तशीच वर ठेवून आबांनी कान नळीला लावला. मामा, आबांचे डोके माझ्या छातीच्या इतके जवळ मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. काठी हळूहळू खाली आली. आबांनी कान काढला, नळीच्या आत डोकावून पाहिले, पुन्हा कान लावला.

"ह्ये कवापास्नं चाललंय?" त्यांनी विचारले.

"पैदा होने के पहले से," साहेब म्हणाले.

"आन् इसावा?"

"नहीं."

खाली पडलेला माझा सदरा उचलून आबांनी झटकला आणि माझ्या अंगात घातला. मला वाटले, सुटलो. पण आबा ते आबा. साहेबांना रामराम करून म्हणाले, "तुमचं खरं हाय. पर डोकं उघडं झालं, त्ये समद्या मुलखानं पायलं. ह्याच्या मामानं पागोटं बांधल्याबिगर ह्यो उंबऱ्याबाहेर पडायचा न्हाई." कोणी गेल्यावर सुतक फिटते ते मामाने किंवा सोयऱ्याने पागोटे बांधल्यावरच, हे साहेबांना मी उर्दूत समजावून सांगितले. ते म्हणाले, लेकिन मरा तो कोई नहीं. मी म्हणालो, जी, तरीही.

गाडीतून गावी येताना आबांनी पूर्ण वाट माझे मनगट सोडले नाही. लोकांना वाटले, पोरगे पळून जाईल म्हणून धरले आहे. पण त्यांचे बोट नाडीवर होते. सेहतच्या तासाला आम्ही जिथे ठेवतो, बरोबर तिथे. तलवाड्याच्या पुढे मला डुलकी लागली तेव्हा त्यांनी मला हलवून उठवले, माझ्याकडे पाहिले, आणि स्वतःशीच म्हणाले, "चाललंय."

तेव्हापासून मी घरात आहे. उघड्या डोक्याने. आई केस विंचरत नाही, आत्या देवळात जात नाही, आणि कुणी गेले नसताना आमच्या घरात सुतक चालू आहे. पौषाच्या पहिल्या सोमवारी सदर मोहतमीम साहेब, म्हणजे सगळ्या शाळांचे मोठे तपासनीस, आमची कवायत पाहायला येणार आहेत. नकाशासमोर उभे राहून नद्यांची नावे सांगायला करामत साहेबांनी मला नेमले होते. त्या दिवशी जो हजर नाही त्याचे नाव पटावरून कमी होईल, असा निरोप आला आहे. शाळेतून एकदा गेलेला मुलगा दुसऱ्यांदा घेतात. तिसऱ्यांदा घेत नाहीत. मी रोज नद्या म्हणून पाहतो, म्हणजे विसरू नयेत. नांगरापेक्षा नांगर धरणाऱ्याच्या आत काय चालले आहे हे जास्त मोठे आहे, हे एकदा कळल्यावर नुसता नांगर धरणे कठीण जाते. पण आपली इच्छा नसेल तर धरीन. आपल्याला कळावे एवढ्यासाठीच लिहिले. मागणे काही नाही. लेखनात चूक आढळल्यास ती शाईची समजावी, माझी समजू नये.

मामींना व घरातील सर्व लहानथोरांना, जे जे जिवंत आहेत त्या सर्वांना, नमस्कार.

आपला भाचा, तोंड न दाखवणारा,
उत्तरेश्वर आश्रुबा

ताजा कलम. आई विचारते की पत्रात मुख्य गोष्ट लिहिली का. लिहायची राहिली. आपण पागोटे घेऊन यावे. येथे नको, बीडलाच यावे. पौषाचा पहिला सोमवार, सकाळी, बिंदुसरेच्या काठी. आपण येतो एवढा शब्द दिलात तर आबा मला आदल्या दिवशी स्वतः बीडला पोचवतील, असे आईने त्यांच्याकडून वदवून घेतले आहे. मोहतमीम साहेबांपुढे कवायत उघड्या डोक्यानेच होईल, त्याला इलाज नाही. पण "आराम" म्हटल्याबरोबर आपण पुढे होऊन बांधावे. मी हलणार नाही. होशियारमध्ये उभा राहीन. आपण माझे तोंड न पाहता मागून बांधलेत तरी चालेल.

आणखी एक. त्यानंतर दर आठवड्याला कवायत आहे आणि दर वेळी डोके उघडे होणार. दर आठवड्याला उमापुराहून येणे आपल्याला जमणार नाही, म्हणून एकदाच असे बांधावे की पुढची सगळी त्यात धरली जातील. असे करता येते का ते तिकडच्या भटजींना विचारावे. आमच्या भटजींना विचारले तर ते अजून कोण गेले तेच विचारत आहेत.

शेवटचे. हे आबांना कळू नये. गेले चार दिवस आबा पहाटे घरावर, माळवदावर जातात. काल मी जिन्यातून डोकावलो. आबांनी पागोटे काढून कठड्यावर ठेवले होते, दक्षिणेकडे तोंड करून उभे होते, आणि दोन्ही हात वर नेऊन श्वास घेत होते, जसे मी त्यांना एकदाच, ते विचारत नसताना, करून दाखवले होते. एक हात छातीवर ठेवून मध्येच थांबत आणि ऐकत. आई खाली दारात राखण करीत बसली होती, कुणी पाहू नये म्हणून. तेव्हा पागोटी दोन आणावीत. बंकटकाका सोबत येणार असतील तर त्यांना पहाटे दिंद्रुडकडे वळू देऊ नये. आणि मामींनी रडू नये, पण भाकरी आणाव्यात. मागच्या फार चांगल्या झाल्या होत्या.